लॅबमध्ये नवीन माणूस आला की केमिकल सेफ्टीचं ट्रेनिंग कसं घ्यायचं

बऱ्याच ठिकाणी केमिकल सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे काय, तर एक लांबलचक प्रेझेंटेशन, त्यातल्या निम्म्या स्लाइड्स कुठल्यातरी दुसऱ्याच लॅबच्या, शेवटी दहा प्रश्नांची टेस्ट जिची उत्तरं आधीच्या बॅचकडून आलेलीच असतात, आणि मग रजिस्टरवर सही. ऑडिटला दाखवायला ते बरं पडतं. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी बेंचवर उभा असताना त्याला विचारा की बाबा आत्ता हा फ्लास्क फुटला तर तू काय करशील, की तो इकडेतिकडे बघायला लागतो.

ज्यांच्या गळ्यात हे ट्रेनिंग येऊन पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणजे लॅब इनचार्ज, सिनियर, सुपरवायझर वगैरे मंडळी. माझं म्हणणं एवढंच आहे की ट्रेनिंग त्या माणसाच्या बेंचपाशी, त्याच्याच बाटल्या समोर ठेवून आणि त्याच्याच हातून करून घ्यायचं. प्रेझेंटेशन हवं तर असू दे, पण ते शेवटी.

ट्रेनिंगच्या आधी तुमचा गृहपाठ

नवीन माणूस यायच्या आधी एक चक्कर मारा आणि तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत नक्की काय हाताळणार आहे त्याची यादी काढा. अख्ख्या स्टोअरची नको, त्याच्या कामाचीच. समजा वीसेक केमिकल निघाली, तर त्यातली खरोखर डोक्याला ताप देणारी चार-पाचच असतात. ट्रेनिंगचा बहुतेक वेळ त्या चार-पाचांवर गेला पाहिजे, मीठ आणि बफरवर नाही.

ही चक्कर मारताना कपाटंही उघडून बघा. सगळ्या बाटल्या ए टू झेड लावलेल्या दिसल्या तर आधी ते निस्तरा, कारण तसं लावलं की ॲसिटिक ॲसिड आणि नायट्रिक ॲसिड एकाच कपाटात येतात, एक जळणारं आणि दुसरं जाळायला मदत करणारं. साध्या घरगुती फ्रिजमध्ये ईथर किंवा तसलं काही ठेवलेलं असेल तर ते आजच बाहेर काढा. त्या फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट असतो, दिवा असतो, त्यांची एक ठिणगी साचलेल्या वाफेला पुरते. ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, उणे ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून ते सुरक्षित झालं असं अजिबात नाही.

पहिला दिवस: एकही बाटली न उघडता

पहिल्या दिवशी फक्त जागा दाखवायच्या, आणि दाखवायच्या म्हणजे बोट करून नाही तर तिथपर्यंत चालत नेऊन. बाहेर पडायचे दोन्ही रस्ते, फायर अलार्म, एक्स्टिंग्विशर, स्पिल किट (सांडलेलं आवरायचं सामान), फर्स्ट एड, इमर्जन्सी शॉवर, आयवॉश (डोळे धुवायचा नळ), गॅसचा मेन व्हॉल्व्ह.

आयवॉशपाशी मात्र थांबा, इथे वेळ द्या. त्याला त्याच्या बेंचपाशी उभं करा, डोळे घट्ट मिटायला सांगा आणि तसंच आयवॉशपर्यंत जायला लावा, तुम्ही शेजारी राहा म्हणजे कुठे धडपडणार नाही. साधारण नियम असा की धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांच्या आत तिथे पोचता आलं पाहिजे, आणि हा प्रयोग केला की लगेच कळतं की वाटेत कुणाचं स्टूल आहे, कुणी खोके रचून ठेवलेत, कुठे सिलिंडरची ट्रॉली लावलीय. माणूस शिकतो आणि लॅबही साफ होते. पोचला की हँडल त्यालाच दाबू द्या, पाणी सुरू करू द्या. केमिकल डोळ्यात गेलं की पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि १५ मिनिटं किती लांब असतात हे कुणालाच कळत नाही म्हणून त्याला सांगा की वेळ बघायचं काम शेजारच्याचं. लेन्स असतील तर पाणी चालू असतानाच काढायच्या, त्या काढण्यासाठी धुणं लांबवायचं नाही.

आयवॉश दर आठवड्याला एकदा चालू करून बघायचा असतो, नाहीतर नळीत गंज आणि घाण साचते आणि नेमक्या वेळी तेच पाणी डोळ्यात जातं. हे आठवड्याचं काम नवीन माणसालाच द्या. त्याच्या हाताला सवय लागते आणि तुमचं एक काम कमी होतं.

शॉवरबद्दल एक घटना जरूर सांगा. २९ डिसेंबर २००८ ला अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात शेरी सांगजी नावाची २३ वर्षांची रिसर्च असिस्टंट टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने काढत होती. हे द्रावण हवेशी संपर्क आला की आपोआप पेट घेतं. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, द्रावण अंगावर उडालं, अंगात लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता, तो पेटला. जवळच शॉवर होता पण तिथपर्यंत तिला कुणी नेलं नाही, सहकाऱ्याने कोट टाकून आग विझवायचा प्रयत्न केला. १६ जानेवारी २००९ ला ती गेली. नंतर तपासणीत तिच्या ट्रेनिंगची नोंदच सापडली नाही. ही गोष्ट भीती घालायला सांगायची नाही. ती सांगून झाली की त्याला उठवून बेंचपासून शॉवरपर्यंत पळायला लावायचं आणि कपडे पेटले तर शॉवर, शॉवर लांब असेल तर जमिनीवर लोळायचं हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

लेबल आणि एसडीएस: सगळं वाचायला लावू नका

एसडीएस म्हणजे सेफ्टी डेटा शीट, केमिकलसोबत येणारा सुरक्षेच्या माहितीचा कागद. त्याचे १६ भाग असतात आणि सगळे वाचून दाखवायला गेलात तर तिसऱ्या भागाला समोरचा जांभई देतो. त्यापेक्षा त्याच्या यादीतलं एक केमिकल घ्या आणि त्याला पाच प्रश्न द्या, उत्तरं त्याने स्वतः शोधायची. धोका काय आहे (भाग २), अंगावर पडलं तर पहिल्यांदा काय करायचं (भाग ४), सांडलं तर काय (भाग ६), ग्लोव्हज कुठले (भाग ८), आणि कशाबरोबर ठेवायचं नाही (भाग १०). पहिल्या शीटला वीस मिनिटं लागतील, तिसऱ्या शीटला पाच.

भाग ८ मध्ये बऱ्याचदा नुसतं "योग्य ग्लोव्हज वापरा" असं गुळमुळीत लिहिलेलं असतं. असं दिसलं की दुसऱ्या उत्पादकाची शीट काढायची किंवा ग्लोव्हज बनवणाऱ्याचा चार्ट बघायचा. सगळ्या एसडीएस सारख्या दर्जाच्या नसतात हेही त्याला आत्ताच कळू दे.

आणखी एक गोंधळ हमखास होतो. जीएचएसच्या, म्हणजे लेबलिंगच्या जागतिक पद्धतीत, जिच्यात लाल चौकटीतली चित्रं असतात, कॅटेगरी १ म्हणजे सगळ्यात जास्त धोका. एनएफपीएचा (ही अमेरिकेतली आगीपासून सुरक्षेची संस्था) तो निळा-लाल-पिवळा-पांढरा डायमंड असतो त्यात मात्र ४ म्हणजे सगळ्यात जास्त आणि ० म्हणजे काही नाही. एकदम उलटं! हे न सांगितल्यामुळे "कॅटेगरी १ आहे, म्हणजे किरकोळ असेल" असं समजणारी माणसं मी पाहिलीत, आणि ती हुशार माणसं होती.

छोट्या बाटलीत ओतून घेतलेल्या केमिकलवर पूर्ण नाव, तीव्रता, मुख्य धोका, तारीख आणि कुणी ओतलं ते लिहायचं. "सोल्यूशन ए" असलं लेबल दिसलं की तिथल्या तिथे बदलायला लावायचं, उद्यावर नाही.

ग्लोव्हज: इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत

नवीन माणसाला वाटतं निळे नायट्राइल ग्लोव्हज घातले की झालं. तर पहिला प्रयोग हा करा. फ्यूम हूडमध्ये (वाफ ओढून बाहेर टाकणारी काचेची पेटी), नायट्राइल ग्लोव्हचं एक बोट कापून घ्या, त्यात थोडं ॲसिटोन भरा आणि बीकरवर टांगून ठेवा. बघता बघता बोट फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं आणि कधीकधी फाटून ॲसिटोन खालच्या बीकरमध्ये सांडतं. शेजारी ब्युटिल रबरच्या ग्लोव्हवर तेच ॲसिटोन घालून ठेवा, त्याला काही होत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की चार्ट बघायची सवय आपोआप लागते, त्यासाठी भाषण द्यावं लागत नाही.

डायक्लोरोमिथेन तर पातळ नायट्राइलमधून दोन-तीन मिनिटांतच पार होतं, आणि पार झालेलं बाहेरून दिसत नाही, ग्लोव्ह अगदी व्यवस्थित दिसतो. म्हणून अशा सॉल्व्हंटसाठी पातळ ग्लोव्ह म्हणजे फक्त शिंतोडे अडवायचं साधन, थेंब पडला की लगेच काढून फेकायचा, हात धुवायचे, नवीन घालायचा.

कॅरन वेटरहान यांचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक, विषारी धातूंवरच काम करणाऱ्या, म्हणजे धोका माहीत नव्हता असं नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये फ्यूम हूडमध्ये काम करताना डायमिथाइल मर्क्युरीचे थोडेसे थेंब त्यांच्या लेटेक्स ग्लोव्हवर पडले. त्या वेळच्या समजुतीप्रमाणे सगळी काळजी घेतलेली होती. काही महिन्यांनी तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, आणि ८ जून १९९७ ला त्यांचं निधन झालं. नंतर चाचण्या केल्या तेव्हा कळलं की हे केमिकल तसल्या ग्लोव्हमधून १५ सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर पार होतं.

दुसरा प्रयोग ग्लोव्हज काढण्याचा. ग्लोव्हज घालणं सगळ्यांना येतं, काढणं फार कमी जणांना. बाटल्यांच्या बाहेरच्या बाजूला थोडी फ्लुरोसंट पावडर लावून ठेवा, त्याला अर्धा तास नेहमीचं काम करू द्या, मग दिवे बंद करून यूव्ही टॉर्च फिरवा. दाराचं हँडल, पेन, कीबोर्ड, मोबाईलची मागची बाजू आणि बऱ्याचदा कानाची पाळी किंवा नाकाचा शेंडा, सगळं चमकत असतं. मोबाईल चमकताना दिसला की काही जणांचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यानंतर मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरून उलटा काढायचा, तो दुसऱ्या ग्लोव्हच्या हातात गोळा करायचा आणि मग दुसऱ्याच्या आत उघडं बोट घालून तोही उलटा करत सोलायचा, हे पाच-सहा वेळा करून घ्या.

गॉगल-चष्म्याबद्दल थोडक्यात: नेहमीचा नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी ग्लासेस नाहीत, आणि अंगावर उडू शकेल असं द्रव असेल तर चारी बाजूंनी बसणारे गॉगलच हवेत.

फ्यूम हूड

हूड म्हणजे कपाट नाही, हे वाक्य सगळे ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी हूडमध्ये बाटल्यांची रांग लावतात. म्हणून इथेही दाखवूनच. हूडच्या आत एका बीकरमध्ये पाणी घ्या, त्यात ड्राय आइसचा छोटा तुकडा टाका (हाताने नाही, चिमट्याने), पांढरं धुकं तयार होतं. आता हूडची पुढची काच वर-खाली करून धुकं कुठे जातं ते बघायला सांगा. बीकर अगदी हूडच्या तोंडाशी ठेवला की धुकं बाहेर डोकावतं, १५ सेंटीमीटर आत सरकवला की व्यवस्थित ओढलं जातं. मागच्या फटीसमोर मोठं खोकं ठेवा, धुकं जागच्या जागी घोटाळायला लागतं. मग कुणालातरी हूडसमोरून झपझप चालत जायला सांगा, त्याच्या मागे धुकं बाहेर खेचलं जातं. अर्ध्या तासात अख्खं हूडचं शास्त्र डोळ्यांसमोर येतं.

तोंडाशी हवेचा वेग साधारण ०.४ ते ०.६ मीटर प्रति सेकंद असावा, काच खुणेपर्यंतच उघडायची, बहुतेक ठिकाणी ती खूण ४५ सेंटीमीटरच्या आसपास असते, आणि डोकं कधीच आत घालायचं नाही. हवेचा अलार्म वाजला की तो म्यूट करून काम चालू ठेवणारे महाभाग सगळीकडे असतात. अलार्म म्हणजे काम थांबवा, झाकणं लावा, काच खाली, आणि मग तक्रार.

काय कशाबरोबर नको, आणि वेस्ट

माझ्या मते लॅबमधलं सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण म्हणजे वेस्टचा कोपरा. प्रयोग करताना माणूस सावध असतो, संध्याकाळी आवरताना घाई असते आणि जी बाटली समोर दिसेल तिच्यात तो ओततो.

नायट्रिक ॲसिड आणि ऑरगॅनिक सॉल्व्हंट, मग ते इथेनॉल असो की ॲसिटोन, एका वेस्ट बाटलीत गेले की गॅस तयार व्हायला लागतो. लगेच काही होईल असं नाही, कधी काही तासांनी, सगळे घरी गेल्यावर, घट्ट झाकण लावलेली बाटली फुटते आणि काचा आणि ॲसिड सगळीकडे उडतं. पिरान्हा सोल्यूशनचंही (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) तसंच, ते कधीच बंद बाटलीत ठेवायचं नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. सायनाइड आणि ॲसिड म्हणजे हायड्रोजन सायनाइड. सोडियम ॲझाइड ॲसिडशी नको, जड धातूंशी नको, आणि डायक्लोरोमिथेनशीही नको, हे शेवटचं भल्याभल्यांना माहीत नसतं.

हे पाठ करून घेण्यात अर्थ नाही. रिकाम्या बाटल्यांवर केमिकलची नावं चिकटवा, समोर चार-पाच वेस्टचे डबे ठेवा आणि त्याला विचारा की ही कुठे जाईल आणि का. चुकला तर काय झालं असतं ते त्यालाच शोधायला लावा. आणि वेस्ट बाटलीत पहिला थेंब पडायच्या आधी लेबल, बाटली तीन चतुर्थांशपेक्षा जास्त भरायची नाही, शंका असेल तर वेगळी बाटली. बाटल्या खर्च होतात अशी कुरकुर कुणी केली तर करू द्या.

याच ओघात पेरॉक्साइडचंही सांगून टाका. डायइथाइल ईथर, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), डायऑक्सेन, आणि विशेषतः आयसोप्रोपिल ईथर, हवेशी आणि उजेडाशी संपर्कात राहिले की त्यात हळूहळू स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. बाटली आली ती तारीख आणि उघडली ती तारीख, दोन्ही बाटलीवर मार्करने. ठरावीक काळाने टेस्ट स्ट्रिप, आणि डिस्टिलेशनच्या आधी तर टेस्ट केल्याशिवाय नाहीच. जुनी बाटली सापडली आणि झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसले तर तिला हात लावायचा नाही, झाकण फिरवायचं नाही, हलवून बघायचं तर मुळीच नाही. माणसं बाजूला करून जबाबदार व्यक्तीला बोलवायचं.

ज्यांच्यासाठी वेगळा तास लागतो

हायड्रोफ्लुओरिक ॲसिड (एचएफ) वापरत असाल तर त्याचं ट्रेनिंग बाकीच्यात मिसळू नका. पातळ एचएफ अंगावर पडलं तर लगेच दुखतही नाही, कित्येक तासांनी दुखायला लागतं, तोवर फ्लोराइड आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमला धरून बसलेलं असतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भरपूर पाण्याने धुवायचं, मग २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायचं आणि दुखत नसलं तरी हॉस्पिटल. जेल नसेल किंवा तिची मुदत संपलेली असेल तर त्या दिवशी एचएफची बाटली उघडायची नाही, एवढं सोपं ठेवा. काचेच्या भांड्यात तर नाहीच, ते काच खातं.

लिक्विड नायट्रोजनचा त्रास वेगळाच. त्याचा गॅस झाला की आकारमान जवळपास ७०० पट होतं, लहान बंद खोलीतला ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला गुदमरल्यासारखंही न होता तो कोसळतो. त्यामुळे ड्यूअर, म्हणजे ते ठेवायचं थर्मॉससारखं भांडं, लिफ्टमधून न्यायचा तर सोबत माणूस चढवायचा नाही.

सांडलं, पेटलं तर

दर तीन-चार महिन्यांनी एक ड्रिल, न सांगता. रंगीत पाणी जमिनीवर ओता आणि घड्याळ लावा. बघायचं एवढंच की त्याने आधी आजूबाजूच्यांना सांगितलं का, की धावत जाऊन टिश्यू पेपर आणला. बेंचवर दोनशे मिली इथेनॉल सांडणं आणि बंद खोलीत अडीच लिटर अमोनियाची बाटली फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसऱ्यात स्पिल किट काढायचं नाही, बाहेर पडायचं आणि दार लावायचं. हा निर्णय किट वापरण्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. वासावर भरवसा ठेवू नका हेही सांगा, हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. एक्स्टिंग्विशर प्रत्येकाने एकदा तरी हातात घेऊन चालवलेला हवा, आणि सोडियम किंवा ब्युटिल लिथियमच्या आगीवर पाणी किंवा सीओटू चालत नाही, तिथे कोरडी वाळू किंवा क्लास डी (धातूंच्या आगीसाठीची) पावडर.

पास कधी म्हणायचं

लेखी टेस्ट घ्या हवी तर, पण सही करायच्या आधी त्याला त्याचा खरा प्रयोग तुमच्यासमोर कोरडा करायला लावा, म्हणजे रिकाम्या भांड्यांनी, पाणी वापरून. प्रत्येक पायरीला विचारा, इथे काय बिघडू शकतं, बिघडलं तर तू पहिली गोष्ट काय करशील. अडला तर सही नाही, दोन दिवसांनी परत. याने माणूस नाराज होतो, होऊ दे. आणि तोवर एकट्याने किंवा रात्री काम करायची परवानगीही नाही.

ट्रेनिंग वर्षातून एकदा उजळणी म्हणून घेतात ते ठीकच आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काम बदललं की परत घ्या. नवीन केमिकल आलं, तापमान वाढवलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे प्रमाण वाढवलं. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात निकेल हायड्राझिन परक्लोरेटचा स्फोट झाला, विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. लॅबमध्ये १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही असं तोंडी ठरलेलं होतं, आणि बनवलं होतं सुमारे १० ग्रॅम. तोंडी ठरलेल्या मर्यादा नवीन माणसापर्यंत पोचत नाहीत, म्हणून असा आकडा असेल तर तो लिहून त्या बेंचवर चिकटवा, आणि किती पटीच्या वर गेलं की तुमची परवानगी लागेल तेही त्याच कागदावर लिहा. आमचा नियम तीन पटीचा आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

थोडक्यात वाचलो असे प्रसंग लिहायला एक वही ठेवा. नाव लिहायची सक्ती करू नका, आणि त्यावरून कुणाला झापू तर अजिबात नका, एकदा झापलंत की ती वही कायमची कोरी राहते. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यातला एक प्रसंग घेऊन दहा मिनिटं बोलायचं, आणि त्यातून काय बदललं, म्हणजे बाटली हलवली की ग्लोव्हज बदलले की नियम बदलला, ते त्याच पानावर खाली लिहायचं.